लॉगिन होईना? आधी घड्याळ बघा

वाळूजला आमच्याकडं सकाळी निम्मे फोन एकच, "पासवर्ड बरोबर टाकायलोय तरी कंपनीचं पोर्टल घेईना". मग लोक पासवर्ड रिसेट करत बसतात, पाच-सहा वेळा ट्राय करतात अन् अकाउंट लॉक होतं, पण बऱ्याचदा चूक घड्याळाची असते. पासवर्डनंतर जो ६ आकडी कोड टाकावा लागतो, तो मोबाईलमधल्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधे (कोड दाखवणारं अ‍ॅप) दर ३० सेकंदाला बदलतो आणि तो वेळेवरूनच बनतो, त्यामुळं मोबाईल चार-पाच मिनिटं मागं-पुढं असला की कोड चालत नाही.

१. मोबाईलच्या सेटिंगमधे डेट अँड टाइम, तिथं ऑटोमॅटिक चालू करा.

२. नवा कोड येऊ द्या, मग टाका.

३. कोडपर्यंत पोचतच नाही, आधीच "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" येतंय? कॉम्प्युटरची तारीख बघा. खाली घड्याळावर राइट क्लिक, अ‍ॅडजस्ट डेट अँड टाइम, सेट टाइम ऑटोमॅटिकली चालू, टाइम झोन +५:३० मुंबई-कोलकातावाला, मग सिंक नाऊ.

जुन्या डेस्कटॉपला लाइट गेली की तारीख परत कुठंतरी मागच्या सालात जाते, स्टोअरच्या पीसीला दर वेळी हेच व्हायचं, तिथं मदरबोर्डवरचा बटन सेल बदलून घ्या, बहुतेक सीआर २०३२ असतो, स्वस्तात मिळतो.

फक्त एक, तारीख बरोबर असून पण ती वॉर्निंग आली तर अ‍ॅडव्हान्स्ड दाबून तसंच पुढं जाऊ नका, पासवर्ड तर टाकूच नका, आयटीवाल्याला फोन करा.