सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत कळींची नावे एकसारखी कशी लिहावीत

मार्गदर्शिका वाचणाऱ्याची नजर सतत मजकूर आणि कळफलक यांच्यात फिरत असते. एका पानावर ‘कंट्रोल’, दुसऱ्यावर ‘सीटीआरएल’ आणि तिसऱ्यावर ‘कंट्रोल बटण’ असे लिहिले असेल, तर ही एकच कळ आहे की तीन, असा प्रश्न नवख्या वाचकाला पडतोच. म्हणून लेखन सुरू करण्यापूर्वी कळींच्या नावांची यादी तयार करावी आणि प्रकल्पात काम करणाऱ्या प्रत्येकाने तीच वापरावी. मराठीत ‘बटण’ हा शब्द कळफलकासाठीही चालतो आणि पडद्यावरील चौकटीसाठीही. ‘डिलीट बटण दाबा’ या सूचनेतून नेमके काय करायचे ते कळत नाही. यावर माझा आग्रह असा, की कळ ‘दाबावी’, पडद्यावरील बटणावर ‘क्लिक करावे’ आणि मजकूर ‘टाइप करावा’. ही क्रियापदे कुठेही बदलू नयेत.

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती एकत्र दाबायच्या आणि एकामागून एक दाबायच्या कळींमधील फरकाची. एकत्र दाबायच्या कळींमध्ये अधिक चिन्ह द्यावे आणि क्रमाने दाबायच्या कळींमध्ये ‘नंतर’ हा शब्द लिहावा. ईमॅक्स या मजकूर-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कंट्रोल+एक्स, नंतर कंट्रोल+एस’ दाबल्यास समोरची फाइल जतन होते, तर ‘कंट्रोल+एक्स, नंतर एस’ दाबल्यास बदल झालेल्या फाइलींबद्दल एकेक करून विचारणा होते. ‘कंट्रोल एक्स एस’ एवढेच लिहिले, तर यांपैकी काय अभिप्रेत आहे हे वाचकाला ठरवता येणार नाही. ॲपलच्या मार्गदर्शिकांत अधिक चिन्हाऐवजी संयोगचिन्ह असते. मराठीत मात्र जोडशब्दांमध्ये ते नेहमीच येत असल्याने अधिक चिन्ह बरे. अधिक चिन्हाचीच कळ दाबायची असेल, तर तेथे ‘कंट्रोल आणि अधिक चिन्ह एकत्र दाबा’ असे शब्दांत लिहावे. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि शेवटी अक्षर हा क्रम कायम ठेवावा.

देवनागरीत रोमन लिपीतला मोठ्या व लहान अक्षरांचा भेद दिसत नाही, म्हणून शिफ्ट कधीही गृहीत धरू नये. व्हिम या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसते ‘जी’ दोनदा दाबल्यास फाइलीच्या आरंभी जाता येते आणि ‘शिफ्ट+जी’ दाबल्यास शेवटी. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची प्रमाण मांडणी, शिकवतानाही हीच अडचण येते: ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर आहेत, पण बहुतेक कळफलकांवर तेथे रोमन ‘एन’च छापलेला असतो. अशा ठिकाणी ‘ळ उमटवण्यासाठी शिफ्ट+एन, म्हणजे ल ची कळ शिफ्टसह दाबा’ अशी पूर्ण सूचना द्यावी.

विंडोज आणि मॅक या दोन्हींसाठी लिहिताना ‘कंट्रोल+एस (मॅकवर कमांड+एस)’ असा एकच साचा ठेवावा.

कळींची नावे हाताने ठळक करू नयेत. एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत त्यासाठी ‘केबीडी’ हा घटक, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणारी खूण, आहे. डॉकबुक या तांत्रिक दस्तऐवज लिहिण्याच्या भाषेत एका कळीसाठी ‘कीकॅप’ आणि एकत्र दाबायच्या कळींसाठी ‘कीकॉम्बो’ आहे. हे घटक वापरल्यास सगळीकडचे दृश्यरूप एकाच जागी बदलता येते आणि यादीबाहेरचे नाव शोधून काढणेही सोपे होते.