संपाची नोटीस लिहायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा

माझं सोलापुरात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, कन्ना चौकाकडं जाताना. त्याआधी नऊ वर्षं टॉवेलच्या मागावर होतो, त्यामुळं पूर्व भागातली पोरं काही कागद करायचा असला की माझ्याकडंच येतात. हल्ली येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "आता संपच करता येत नाही म्हणे?" येतो की. सरसकट बंदी घातलीय असं नव्या कामगार कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही. फक्त संपाची तारीख ठरवणं जे आजवर आपल्या हातात होतं ते आता पूर्ण आपल्या हातात राहिलेलं नाही, आणि सगळा वाद खरं तर ह्या एका गोष्टीवरच आहे, पण टीव्हीवर दोन्ही बाजू इतक्या मोठ्यानं बोलतात की हे कुणी नीट सांगतच नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम, तुम्ही कोण आहात ते बघा. माग, गारमेंट, चिंचोळी एमआयडीसीतला कारखाना असं काही असेल तर तुम्हाला औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. एसटी, वीज, पाणी, दवाखाना यापैकी असाल तर वरून मेस्मा (अत्यावश्यक सेवांमधले संप रोखायचा राज्याचा कायदा) पण आहे, त्याचं पुढं सांगतो. सरकारी कर्मचारी असाल तर तुमचं प्रकरण आणखी अवघड, कारण सुप्रीम कोर्टानं २००३ साली तामिळनाडूच्या केसमध्ये (तिथं जवळपास पावणेदोन लाख कर्मचारी एका फटक्यात काढले होते) सांगून टाकलं की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत तर नाहीच, कायदेशीर आणि नैतिक हक्कसुद्धा नाही. "नैतिक" हा शब्द मला आजपर्यंत पचलेला नाही. नीतीचं काय ते कोर्टानं आमच्यावर सोडायला हवं होतं.

युनियन काढायलाच संपाइतकी मेहनत लागते हे विसरू नका. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि कारखान्यातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण यातला जो आकडा कमी तेवढे सभासद कायम टिकवावे लागतात. मालकाशी बोलणी करायला एकटीच युनियन पाहिजे असेल तर मस्टरवरचे (हजेरीपटावरचे) ५१ टक्के कामगार तुमच्याकडं पाहिजेत, नाहीतर ज्यांच्याकडं किमान २० टक्के कामगार आहेत अशा युनियनची मिळून कौन्सिल बनते. इथं "मस्टरवरचे" हा शब्द नीट वाचा. आपल्याकडं कितीतरी माग कामगारांकडं ना आयकार्ड ना पगारपत्रक, हप्त्याचा पगार वहीत लिहून रोख हातात. मग ५१ टक्के कशाचे काढणार? म्हणून संपाच्या सहा महिने आधीपासून पगाराच्या वहीचे फोटो, पीएफचा नंबर, गेटपास, जे मिळेल ते गोळा करत चला. ऐनवेळी मालक सरळ म्हणतो, हा माणूस आमचा नाहीच.

आता नोटीस. नियमातला ठरलेला नमुना असतो, त्यातच द्या, साध्या अर्जावर देऊ नका. मागण्या मोघम लिहू नका. "पगारवाढ मिळावी" याला काही अर्थ नाही, "टॉवेलच्या मजुरीत इतके रुपये वाढ, अमुक तारखेपासून" असं लिहा. जुना करार चालू असेल तर त्यात जे विषय मिटलेत ते परत नोटिशीत घालू नका, कारण करार चालू असताना त्याच विषयावर केलेला संप बेकायदेशीर धरतात. जो विषय करारात नाही त्यावर मोकळीक आहे. ही एक ओळ कितीतरी जणांना माहीत नसते आणि मालकाचा वकील बरोबर तिथंच धरतो.

नोटीस लिहिली म्हणजे दिली असं होत नाही, हे मी स्वतः भोगलंय. मागावर असताना आम्ही बोनसची नोटीस घेऊन गेलो, ऑफिसातला क्लार्क म्हणाला ठेवा टेबलावर, शेठ आले की देतो. आम्ही ठेवली. शिक्का नाही, सही नाही, काही नाही. पंधरा दिवसांनी काम बंद केलं तर शेठ लेबर ऑफिसात शांतपणे म्हणाले, कसली नोटीस, आम्हाला तर काहीच मिळालं नाही. आमच्या हातात फक्त झेरॉक्स, आणि झेरॉक्सवर कुणाचा शिक्का नसला की तो निव्वळ कागद. त्या वर्षी बोनस तर गेलाच, वर आठ दिवस माफीपत्रं लिहिण्यात गेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, तीन प्रती काढा. एक मालकाला, एक लेबर ऑफिसात समेट अधिकाऱ्याला (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी माणूस), आणि तिसरीवर दोन्हीकडचा इनवर्ड शिक्का तारखेसकट. मालकानं घेतलीच नाही तर पोस्टानं पाठवा (जुनं रजिस्टर आता स्पीड पोस्टातच गेलंय, पोचपावती मात्र आवर्जून मागून घ्या), आणि पाकिटाच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाका. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत मालकानं ती सरकारला कळवायची असते, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

आता ते कालनिर्णय घ्या आणि पेन घ्या. समजा १ जूनला नोटीस दिली. १४ दिवस संप करता येत नाही, म्हणजे १६ जूनच्या आधी नाही. नोटीस ६० दिवस चालते, म्हणजे जुलैच्या शेवटापर्यंत. इथपर्यंत सोपं आहे आणि आपल्या महाराष्ट्रात हे नवीन पण नाही, १९७१ च्या राज्याच्या कायद्यात १४ दिवसांची नोटीस होतीच, शिवाय मान्यताप्राप्त युनियन असेल तर आधी सभासदांचं मतदान. (नव्या संहितेनं केंद्राचे जे तीन कायदे रद्द केले त्यात हा १९७१ चा नाही, म्हणून वकिलाकडं गेलात की पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारा.)

गंमत पुढं आहे. नोटीस लेबर ऑफिसात पोचली की समेट अधिकारी मीटिंग लावतो, आणि पहिली मीटिंग झाली त्या दिवसापासून समेट सुरू झाला असं धरतात. समेट चालू असताना संप नाही, आणि तो संपल्यावरही ७ दिवस नाही. समजा १० जूनला पहिली मीटिंग झाली. संपाची नोटीस असेल तर अधिकाऱ्यानं १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, म्हणजे २४ जून. त्यात ७ दिवस घाला, १ जुलै. म्हणजे १६ जून म्हणता म्हणता २ जुलै उजाडला. तरी चालेल, ६० दिवसांच्या आत आहात. पण समेट फसला की पूर्वी सरकारनं केस पुढं पाठवायची असायची, आता ९० दिवसांत कुणीही एक पार्टी थेट ट्रिब्युनलकडं (औद्योगिक तंट्यांचं कोर्ट) अर्ज करू शकते. कुणीही म्हणजे मालकसुद्धा. आणि ट्रिब्युनलपुढं केस चालू असेपर्यंत आणि त्यानंतर ६० दिवस संप बेकायदेशीर. केस किती दिवस चालेल? आपण सोलापूरचे आहोत, बंद मिलच्या कामगारांची देणी किती वर्षं चालली ते घरात बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा.

तर कॅलेंडरवर लाल पेनानं चार खुणा करा, नोटीस, पहिली मीटिंग, रिपोर्ट, अधिक सात. आणि संपाचा दिवस धरायचा तो रिपोर्टनंतरचा आठवा. त्या आठवड्यात रोज लेबर ऑफिसात एक माणूस पाठवा, मालकानं कुठं अर्ज केलाय का ते बघायला. कंटाळवाणं काम आहे, पण संप हल्ली गेटवर कमी आणि असल्या टेबलांवर जास्त हरतात.

"मग नोटीसच नको, सगळे एकदम किरकोळ रजा टाकू," ही आयडिया दर महिन्याला कुणीतरी घेऊन येतो आणि आपण लई हुशार असल्यासारखं बघतो. ती वाट बंद झालीय. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एका दिवशी रजा घेतली तर तोही संपच, तसं व्याख्येतच घातलंय. शिवाय दहा किंवा जास्त जणांनी मिळून, नोटीस न देता खाडा केला तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची तरतूद आहे, आणि ही तर जुनीच आहे.

दंडाचं पण माहीत असू द्या, भीती घालायला नाही, हिशोबाला. बेकायदेशीर संपात उतरलेल्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९४७ च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हाच दंड जास्तीत जास्त ५० रुपये होता. चिथावणी देणाऱ्याला, म्हणजे गेट मीटिंगमध्ये भाषण ठोकणाऱ्या आपल्यासारख्याला, १०,००० ते ५०,००० आणि पैसे पुरवणाऱ्यालाही तेवढाच. इथं प्रामाणिकपणे सांगायचं तर चिथावणीची कैद सहा महिन्यांवरून एका महिन्यावर आलीय, आपली माणसं हे सांगत नाहीत. बेकायदेशीर टाळेबंदी करणाऱ्या मालकाला ५०,००० ते एक लाख. आता तुम्हीच बघा, माग कामगाराला दहा हजार म्हणजे घरातला महिना बुडाला, आणि शेठला लाख म्हणजे? वर्गणी मात्र पावतीनंच गोळा करा, संपासाठी म्हणून खिशातून खिशात पैसे फिरवू नका.

मेस्मावाल्यांना थोडक्यात. सरकारनं तुमच्या सेवेला मेस्मा लावला की नोटीस-बिटीस बाजूला, संपच बेकायदेशीर. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना हा लावला होता, विधानसभेत एवढा गोंधळ झाला की सरकारला स्थगिती द्यावी लागली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचारी संपावर गेले आणि त्याच दिवसात मेस्माचं नवं विधेयक पास झालं, चर्चेशिवाय. म्हणजे कायदा किती पण कडक असू दे, कुणावर लावतोय आणि लोक कुणाच्या बाजूनं आहेत यावर त्याचं वजन ठरतं. सेविकांच्या वेळी लोक बाजूनं होते. एसटीचा संप ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा लांबला तेव्हा सुरुवातीला लोक बाजूनं होते, मग खेड्यातल्या पोरापोरींची शाळा बुडायला लागली तसं बोलणं बदललं, शेवटी हायकोर्टानं तारीख देऊन कामावर जा म्हणून सांगितलं.

आता वाद घालायचा भाग, कारण चहाच्या टपरीवर तो होणारच. मालक लोक म्हणतात, एक्स्पोर्टच्या टॉवेलची ऑर्डर तारखेवर असते, अचानक काम बंद पडलं तर कंटेनर चुकतो आणि गिऱ्हाईक कायमचं जातं. हे खोटं नाही हो, मी स्वतः रात्रपाळी करून असल्या ऑर्डरी काढल्यात. म्हणून नोटिशीच्या विरोधात बोलू नका, त्यात तुम्ही हराल. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पाणी, दवाखाना, जिथं जीव जाऊ शकतो तिथं जास्त बंधनं समजू शकतो, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना पण अत्यावश्यक सेवेचा अर्थ असाच धरते. मग टॉवेलचा माग आणि दवाखान्याचा आयसीयू एकाच नोटिशीत का? आणि दुसरा प्रश्न त्याहून जोरात विचारा. तीनशे कामगारांच्या खालच्या कारखान्याला स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे लेखी नियम) नाहीत, कामगार कपातीला सरकारची परवानगी नको, पण संपाच्या नोटिशीला कसलीच खालची मर्यादा नाही, बारा मागांच्या शेडला पण ती लागू. म्हणजे संरक्षण द्यायच्या वेळी आम्ही लहान आणि बंधन घालायच्या वेळी मोठे. यावर मी अजून कुणाकडून सरळ उत्तर ऐकलेलं नाही.

कुणी म्हणालं की हे सगळं आत्ताच्या सरकारचं, तर त्याला १९३८ सांगा. मुंबई प्रांतात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं, त्यांनी औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला, आधी समेट मग संप, नाहीतर शिक्षा. त्याच्या विरोधात ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन एक दिवसाचा संप झाला. बाबासाहेबांनी कायदेमंडळात मांडलेला मुद्दा असा की संप केला म्हणून शिक्षा करणं म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणं, आणि ती गुलामीच झाली. गिरण्यांचं आपलं गाव तेव्हा ह्याच प्रांतात होतं.

शेवटचं एक, जे कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. नोटीस मराठीत लिहिली तरी गेट मीटिंगमध्ये ती तेलुगूत वाचून दाखवा, आणि कानडी बोलणारे असतील तर कानडीत पण. आपल्याकडं सही करणाऱ्या अर्ध्या माणसांना घरी तेलुगूच कळते, आणि "१४ दिवस" कळलं पण "अधिक सात" नाही कळलं तर कुणीतरी भाबडेपणानं २५ जूनलाच माग बंद करून बसतो आणि त्याच्यापायी सगळ्यांचा संप बेकायदेशीर ठरवायला मालकाला निमित्त मिळतं. आमच्या गल्लीतली एक विडीवाली अक्का हे काम लई भारी करायची, तारखा बोटांवर मोजून तीनतीनदा म्हणून घ्यायची सगळ्यांकडून. आणि शिक्क्याची ती तिसरी प्रत युनियनच्या कपाटात ठेवू नका, खजिनदाराच्या बायकोकडं द्या, पीठाच्या डब्याशेजारी राहिलेला कागद आमच्याकडं आजवर कधी हरवला नाही.