रेझिन ट्रकचं एक चाक टेकत नाही: चॅसीचा पीळ असा काढला

मॉडेल: टाटा-मर्सिडीज-बेंझचा बॉनेटवाला ट्रक, 1:24 (खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढा), रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचा. लक्षण: चॅसी काचेवर ठेवली की पुढचं डावं टोक 2.5 मिमी वर.

हेअर ड्रायरने पातळ आडव्या पट्ट्या लोंबल्या, जाड रूळ (चॅसीचे दोन लांब दांडे) मात्र थंडच राहिले. गरम पाण्यात बुडवून हाताने सरळ केली, तर दोन दिवसांत पीळ परत. आठवडा वाया गेला.

पॉलियुरेथेन रेझिन पुरतं मुरायच्या आत साच्यातून काढलं आणि वाकडं पडून राहिलं की तोच आकार धरतं. म्हणून थोडा उलटा पीळ द्यावाच लागतो.

आधी चॅसी भांड्यांच्या साबणाने धुतली. पसरट परातीत 70 अंशांचं पाणी घेऊन ती 2 मिनिटं पूर्ण बुडवली. उकळतं पाणी नकोच, पाट्यांच्या स्प्रिंगची टोकं लगेच मान टाकतात. काढल्याबरोबर 5 मिमी काचेवर ठेवली, पुढच्या उजव्या टोकाखाली 1 मिमी प्लास्टिक पट्टी सरकवली आणि डावं टोक चिमट्याने काचेला आवळलं. हे 15-20 सेकंदांत व्हायला हवं, त्यामुळे चिमटे आधीच हाताशी ठेवा. मग काचेसकट गार पाण्यात 5 मिनिटं, आणि चिमटे 24 तास तसेच.

शेवटी दोन्ही रुळांच्या आतल्या बाजूला 1.2 मिमी खाच पाडून 1 मिमी पितळी तार सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवली. सुपरग्लू ठिसूळ, इथे टिकत नाही. घासताना ओला पॉलिशपेपर आणि मास्क हवाच.

तीन महिने झाले, चारही चाकं टेकलेली आहेत.