कुत्र्याच्या ट्रेनरला वरचे पैसे द्यायचे का?

द्यायलाच हवेत असं काही नाही. ट्रेनर स्वतःचा धंदा करत असेल, तर त्याची मेहनत त्याने फीमध्ये धरलेलीच असते. ती वेळेवर द्या, शेवटच्या हप्त्याला घासाघीस करू नका, पुष्कळ झालं. तो कुणाकडे पगारावर असेल तर गोष्ट वेगळी. फीतलं त्याच्या हातात किती पडतं, कोण जाणे! कोर्स संपताना शंभर-दोनशे थेट त्यालाच द्या, मालकामार्फत नको. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. डांबराने कुत्र्याचे पंजे भाजू नयेत म्हणून जो उजाडताच दारात हजर होतो, त्याला दिवाळीत काहीतरी द्यावंच, असं माझं मत.

पैसे द्यायला अवघडल्यासारखं वाटतं? मग जुळे सोलापूर, विजापूर रोडकडच्या ओळखीतल्या कुत्रेवाल्यांना त्याचा नंबर द्या. नवं गिऱ्हाईक त्याला जास्त उपयोगी. नाहीतर शेंगाचटणीचा डबा आहेच. तो मात्र ट्रेनरच्याच हातात ठेवा; चटणीत लसूण असतो आणि लसूण कुत्र्याला बाधतो.