डीएनडी लावूनही जाहिरातीचे कॉल येतात? या चुका टाळा

‘डीएनडी लावलंय, तरी दिवसाला चार कॉल येतातच!’ असं म्हणणाऱ्यांनी बरेचदा डीएनडीचं, म्हणजे ‘जाहिरातीचे कॉल-मेसेज नकोत’ या नोंदणीचं, कुलूप दाराला घातलेलं असतं आणि चावी दुसऱ्याच्या हातात दिलेली असते.

ही चावी म्हणजे संमती. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांत ग्राहकाची स्पष्ट संमती डीएनडीपेक्षा वरचढ ठरते. कर्जाच्या ऑनलाइन फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात बघा: ‘माझा नंबर डीएनडीवर असला तरी संपर्क करावा’, आणि शेजारच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली. ती काढायला आपण विसरतो आणि कंपन्या त्याच ओळीवर बोट ठेवतात. दिलेली संमती मागे घेता येते, हेही अनेकांना ठाऊक नसतं. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनुसार ती मागे घेतल्यावर ९० दिवस त्या कंपनीला पुन्हा संमती मागता येत नाही.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागाची: नंबर ब्लॉक करून गप्प बसणं. ब्लॉक केल्याचं फक्त तुमच्या फोनला कळतं. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरात करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या माणसाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, की कारवाईचा निकष पूर्ण होतो. त्या पाचांतली एक तुमची असू शकते. पहिल्यांदा दोषी ठरला तर त्याची आउटगोइंग सेवा १५ दिवस बंद, पुन्हा सापडला तर सगळी कनेक्शन्स वर्षभरासाठी तोडली जातात. अशा कॉलची तक्रार करायला आता तुमचं डीएनडी असण्याचीही अट नाही.

तक्रार १९०९वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर करा. कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत. ‘फार त्रास देतात’ एवढंच लिहून भागत नाही; कॉल कशाबद्दल होता, कुठल्या नंबरवरून आला आणि तारीख, हे तिन्ही हवं.

डीएनडीच लावलं नसेल तर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून, जागा सोडून शून्य, असा एसएमएस १९०९ला पाठवा. बँकेचे व्यवहाराचे मेसेज त्यानं थांबत नाहीत.

१४०ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा, १६००चा सेवेचा किंवा व्यवहाराचा. दहा आकडी नंबरवरून कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत ओटीपी मागितला, तर ते टेलिमार्केटिंग नव्हेच. त्याची माहिती सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सुविधेत द्या. पैसे गेले असतील तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.