बांगला शिकताय? मग एकुशे पदकाची यादी अशी वाचा

मी बांगलातून मराठीत भाषांतर करतो, जास्त करून कथा आणि अधूनमधून लेख. या कामात नवीन येणारी मुलं हमखास विचारतात की दादा, बांगलादेशातलं काय वाचू, सुरुवात कुठून करू. प्रश्न बरोबरच आहे, कारण आपल्याकडे बांगला साहित्य म्हणजे कोलकाता. मामा वरेरकरांनी शरदबाबू मराठीत आणले, टागोर तर शाळेपासूनच ओळखीचे, पण पद्मा नदीच्या पलीकडच्या, म्हणजे बांगलादेशातल्या, एका लेखकाचं नाव सांगा म्हटलं की चांगले वाचणारे पण गप्प होतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. एकुशे पदकाची यादी काढा आणि ती वाचायला शिका, नुसती नावं पाठ करून काही होत नाही.

आधी हे पदक काय ते थोडक्यात. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात विद्यार्थी 144 कलम मोडून बाहेर पडले, मागणी एवढीच की पाकिस्तानची राष्ट्रभाषा एकटी उर्दू नको, बांगला पण हवी. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला आणि त्यात रफिक, बरकत, जब्बार, सलाम, शफिउर ही माणसं गेली. एकुशे म्हणजे ती एकवीस तारीख. तिच्या नावाने 1976 पासून बांगलादेश सरकार हे पदक देतं, सांस्कृतिक मंत्रालयातर्फे, दरवर्षी फेब्रुवारीत. 35 ग्रॅम सोन्याचं पदक, सन्मानपत्र आणि अलीकडे 4 लाख टाका (तिकडचं चलन) रोख. पदकाचं डिझाईन नितुन कुंडू या शिल्पकाराचं, ज्यांनी पुढे ओटोबी नावाची फर्निचर कंपनी पण मोठी केली (कलाकाराने धंदा करू नये म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो).

नवख्यांचा पहिला गोंधळ पुरस्कारांच्या दर्जाचा होतो. सगळ्यात वरचा नागरी सन्मान म्हणजे स्वाधीनता पदक, 1977 पासून, 26 मार्चच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपास देतात. त्याच्या खालोखाल एकुशे. आणि बांगला अकादमीचा साहित्य पुरस्कार हा वेगळा, तो 1960 पासून म्हणजे देश व्हायच्या आधीपासून चालू आहे, आणि तो लेखकांचा पुरस्कार आहे, सरकारी सन्मान नाही त्या अर्थाने. प्रस्तावनेत किंवा लेखक परिचयात हे तीन एकमेकांत मिसळले की माहितगार वाचकाला लगेच कळतं. आणि पश्चिम बंगालचं बंगविभूषण किंवा कोलकात्याचा आनंद पुरस्कार ही अजून निराळी दुनिया, त्यांचा या यादीशी संबंध नाही.

आता यादी. मी एक साधी एक्सेल शीट ठेवतो, नाव, वर्ष, कोणत्या क्षेत्रात, मरणोत्तर का हयात असताना, आणि नंतर स्वाधीनता पदक मिळालं का. बस एवढंच. पण या चार-पाच रकान्यांतून एका समाजाचं बरंच काही दिसतं. पहिल्याच वर्षी, 1976 ला, काझी नझरुल इस्लाम आणि जसीमउद्दीन हे कवी आहेत आणि दोघंही त्याच वर्षी वारले. सोबत सुफिया कमाल आहेत, त्यांच्या कविता वाचा आणि मग त्यांनी बायकांच्या चळवळीसाठी काय केलं ते बघा, दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय मजा नाही. कवी शामसुर रहमान यांना 1977 ला एकुशे आणि 1991 ला स्वाधीनता पदक. कादंबरीकार हुमायून अहमद 1994. कथाकार हसन अझीझुल हक 1999, मग 2019 ला स्वाधीनता पदक, आणि हे गृहस्थ मूळचे पश्चिम बंगालातल्या वर्धमानचे, म्हणजे आपल्या बाजूला जन्मले आणि पुढे बरीच वर्षं तिकडच्या राजशाही शहरात शिकवलं. फाळणीनंतर घर सोडून तिकडे गेलेल्या माणसाची बाजू आपण फार कमी ऐकलेली असते, ती यांच्याकडे मिळते.

मरणोत्तर रकाना मला सगळ्यात जास्त शिकवून जातो. भाषा आंदोलनातल्या त्या पाच जणांना स्वतःला हे पदक मिळालं 2000 साली, म्हणजे युनेस्कोने नोव्हेंबर 1999 मध्ये 21 फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला त्याच्या लगेच नंतर. ज्यांच्या नावाने पदक त्यांनाच पदक मिळायला चोवीस वर्षं! शहिदुल जहीर 2008 ला गेले, पदक 2025 ला. जहीर म्हणजे सनदी अधिकारी, जुन्या ढाक्याच्या गल्ल्यांवर लिहिणारे, एक वाक्य सुरू झालं की पान संपेपर्यंत थांबत नाही, भाषांतराचा सराव करायचा तर यांचा एक परिच्छेद घ्या आणि स्वतःची मराठी किती ताणली जाते ते बघा. कवी हेलाल हाफिज डिसेंबर 2024 मध्ये वारले आणि दोन महिन्यांनी नाव आलं. सरकारला माणूस गेल्यावर जाग येते हे काही फक्त आपल्याकडे नाही.

पण खरी गंमत साहित्याच्या रकान्याबाहेर आहे आणि बहुतेक जण तिथे जातच नाहीत. समाजसेवा बघा. 2011 ला पलान सरकार, राजशाहीकडच्या खेड्यातले एक म्हातारे गृहस्थ जे पायी गावोगाव फिरून लोकांना वाचायला पुस्तकं द्यायचे, वाचून झालं की परत न्यायचे. 2024 ला जियाउल हक, चापाइनवाबगंजचे दहीवाले. डोक्यावर दह्याचं ओझं घेऊन विकलं आणि त्या पैशातून गरीब पोरांना पुस्तकं घेतली, लायब्ररी उभी केली. त्यांचं वाक्य तिकडे सगळ्यांना माहीत आहे, बेचि दोई किनि बोई, दही विकतो पुस्तकं घेतो. अशा माणसाला त्याच नावाचं पदक मिळतं जे शामसुर रहमानना मिळालं, आणि मला वाटतं की या देशात भाषा म्हणजे काय हे कळायला दहा समीक्षा वाचण्यापेक्षा एवढं पुरे.

2025 च्या यादीत अभ्र कीबोर्डवाले आहेत. हे तुमच्या थेट कामाचं आहे. मेहदी हसन खान मैमनसिंग मेडिकल कॉलेजात शिकत असताना हे सॉफ्टवेअर बनवायला लागले, 2003 मध्ये ते आलं, फुकट आहे, ध्वनीप्रमाणे रोमन अक्षरं टाइप केली की बांगला उमटतं. पदक देताना मेहदींनी सोबतच्यांना पण घ्या असं म्हटलं आणि मग चौघांना मिळून दिलं गेलं. तेव्हा बांगला शिकायला लागलात की पहिल्या आठवड्यातच अभ्र टाकून घ्या, कारण रोमनमध्ये शोधलं तर निम्म्या गोष्टी सापडत नाहीत, बांगला लिपीत शोधायची सवय लागलीच पाहिजे. त्याच वर्षी महिला फुटबॉल टीमला पण पदक होतं, साफ म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल चॅम्पियनशिप जिंकलेल्या मुली. भाषेच्या नावाच्या पदकात फुटबॉल कशाला असं मला एकाने विचारलं, मी म्हटलं यादी परत वरपासून वाच.

आता दुसरी बाजू. हा सरकारी सन्मान आहे, आणि तो सुरूच झाला लष्करी राजवटीच्या काळात. मंत्रालयं, जिल्हा प्रशासन, आधीचे पदकविजेते वगैरेंकडून नावं मागवतात आणि शेवटचा शिक्का सरकारचा. त्यामुळे कोणतं वर्ष कोणाच्या सत्तेत होतं हा पण एक रकाना करा, हळूहळू पॅटर्न दिसायला लागतो. वरच्या स्वाधीनता पदकात तर 2020 आणि 2022 ला साहित्यासाठी जाहीर केलेली नावं लोकांनी हे कोण म्हणून आरडाओरडा केल्यावर मागे घ्यावी लागली. आणि यादीत कोण नाही हे पण बघा. तस्लिमा नसरीन यांचं नाव तुम्हाला तिथे सापडणार नाही, आनंद पुरस्कार मात्र कोलकात्यात दोनदा, 1992 आणि 2000. म्हणून मी यादीला गुणवत्तेची यादी म्हणत नाही, दरवाजा म्हणतो, आत गेल्यावर उजवीकडे जायचं की डावीकडे ते आपलं आपण ठरवायचं.

कामाचं बोलायचं तर संदर्भ तपासायला बांगलापीडिया वापरा, एशियाटिक सोसायटी ऑफ बांगलादेशचा कोश आहे आणि ऑनलाइन फुकट वाचता येतो. फेब्रुवारीत ढाक्याचे पेपर रोज चाळा, 'प्रथम आलो' नावाचा पेपर वगैरे, कारण नावं जाहीर झाली की त्या माणसावर दोन-तीन चांगले लेख येतातच आणि शिकणाऱ्याला तेवढ्या लांबीचा मजकूर झेपतो. शिवाय त्याच महिन्यात तिकडे बांगला अकादमीचा पुस्तकमेळा असतो, त्यामुळे नवीन पुस्तकांच्या बातम्या पण मिळतात. आपल्याकडे 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, त्या आठवड्यात मासिकं, दिवाळी अंकवाले, कॉलेजची मंडळं भाषेबद्दल काहीतरी शोधत असतात, तेव्हा 21 फेब्रुवारीवरचा एखादा अनुवाद द्यायचा असेल तर जानेवारीतच संपादकाला फोन करा.

संपादक पहिला प्रश्न विचारेल पुरस्कार आहे का, तर तिथे एकुशेचा उपयोग होतो हे खरंच. एका ओळीत सांगायचं, देशातला दुसऱ्या क्रमांकाचा नागरी सन्मान, अमुक वर्ष. पण लगेच दुसरा प्रश्न येतो हक्कांचा, आणि तिथे पुष्कळ जण अडकतात. भारत आणि बांगलादेश दोन्हीकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. म्हणजे अगदी पहिल्या 1976 च्या यादीतले नझरुल आणि जसीमउद्दीन सुद्धा 2036 संपेपर्यंत मोकळे नाहीत, टागोर आहेत म्हणून हे पण असतील असं धरून चालू नका. त्यामुळे पूर्ण पुस्तक करायला बसायच्या आधी एक कथा नमुना म्हणून करा, मूळ प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर असतो तिथे लिहा, मरणोत्तर वाले असतील तर वारस कोण ते विचारा, आणि परवानगी लेखी आल्याशिवाय मराठी प्रकाशकाला तारीख देऊ नका. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर यादीतलं पुढचं नाव काढून वाचत बसायचं.