फ्युएल लाइनला आट्यांची फिटिंग बसवताय? या चुका टाळा

रबरी पाइप आणि क्लिप काढून महागाची एएन (आर्मी-नेव्ही मानकाची, आट्यांनी जुळणारी) फिटिंग बसवली, तरी जोडापाशी ओल येतेच, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा फिटिंग निर्दोष असते. इंधन नेमकं कुठे अडवलं जातं, हेच बसवणाऱ्याने पाहिलेलं नसतं.

एएन फिटिंगमध्ये इंधन अडतं ते 37 अंशांच्या शंकूवर. आट्यांचं काम फक्त दोन शंकू एकमेकांवर आवळून धरण्याचं. म्हणून इथे टेफ्लॉन टेप गुंडाळणं हा शुद्ध वेडेपणा. गळती थांबत नाहीच, वर टेपचे तुकडे सुटून थेट इंजेक्टरकडे जाऊ शकतात. एनपीटीचे (अमेरिकन पाइप-मानकाचे) आटे मात्र निमुळते असतात आणि तिथे आट्यांवरच सील होतं, त्यामुळे पेट्रोलला टिकणारं सीलंट लागतं. ओआरबी (ओ-रिंग बॉस) फिटिंगमध्ये हे काम ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, करते. तिन्ही प्रकार एकाच गाडीत, अगदी इंधनाचा दाब राखणाऱ्या एकाच रेग्युलेटरवरही भेटतात, तेव्हा प्रत्येक तोंड नीट बघा.

फसवी गोष्ट पुढेच आहे. 45 अंशांचा फ्लेअरही (शंकूचं तोंड) बाजारात मिळतो आणि काही मापांत त्याचे आटे एएनशी तंतोतंत जुळतात. नट सुरळीत चढतो, पण शंकू जेमतेम एका बारीक रेषेवर टेकतात. माणूस आणखी आवळतो आणि ॲल्युमिनियमचा शंकू कायमचा दबतो.

झिरपलं की लगेच पाना लावायची घाई नको. जोड सोडा, शंकू पुसा आणि उजेडात तिरका धरा. आडवा ओरखडा, वाळूचा कण किंवा एकाच बाजूला उमटलेली चकाकी दिसली, तर कारण सापडलं. बसवताना आट्यांना तेलाचा हात द्या, सुरुवातीचे फेरे बोटांनीच घ्या आणि शेवटी दोन पाने वापरा: एक फिटिंग धरायला, दुसरा नट फिरवायला. एकाच पान्याने मागचा पाइप पिळला जातो.

पीटीएफई (टेफ्लॉन) होजला रबरी होजचे एंड, म्हणजे टोकाच्या फिटिंग, चालत नाहीत, त्याला आत वेगळी ऑलिव्ह (छोटी कडी) लागते. तारेच्या जाळीची होज कापण्याआधी त्या जागी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तारा फिसकटतात. कापल्यावर आतला भुसा हवेने उडवून टाका. सॉकेटच्या (एंडच्या बाहेरच्या टोपणाच्या) कडेला होजवर खूण करून ठेवा. आवळताना खूण सरकली, तर होज मागे ढकलली गेली आहे. खोलून पुन्हा जोडा.

माप साधं आहे: एएनचा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग, म्हणून 6 म्हणजे 3/8 इंच.

इंजिन हलतं, चासी हलत नाही, म्हणून त्या दोघांमधला तुकडा लवचिक आणि थोडा सैल हवा. सायलेन्सरच्या पाइपजवळून लाइन नेऊ नका.

काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. तरीही लाइनमध्ये थोडं पेट्रोल उरतंच, खाली फडकं धरा. जोडणी झाल्यावर फ्यूज आणि बॅटरीची तार परत लावा, पण स्टार्टर मारू नका. नुसती चावी चालू करून पंपाला दाब भरू द्या, असं दोन-तीनदा करा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. अग्निशामक हाताशी हवाच. इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करा, कारण काही जोड तापल्यावरच ओले होतात.